अंगठा जुळत नाही, म्हणजे काय होते?

गेल्या संक्रांतीच्या सुमारास एका नातेवाइकांकडे दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. रेशन दुकानापुढे दहा-बारा जणांची रांग होती आणि ती पुढे सरकत नव्हती. रांगेच्या तोंडाशी साठी ओलांडलेल्या एक आजी यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवत होत्या. यंत्र 'जुळत नाही' असे सांगत होते. आजींनी अंगठा पदराला पुसला, केसांवरून फिरवला, ओठांनी ओला केला. मग तर्जनी लावून पाहिली, मधले बोट लावून पाहिले. शेवटी दुकानदार म्हणाला, "उद्या या आजी." दुकानदार त्यांना वीस वर्षे ओळखत होता. परत जाताना आजी मला म्हणाल्या, "माहा आंगठा मशीनले वयखू येत नाई बाप्पा. मी तं तेच आहो."

अमरावतीला आल्यावर ही हकिकत एका शिक्षक मित्राला सांगितली. त्याने ती नववीच्या वर्गात सांगितली आणि एका मुलीने विचारले, "सर, बोटांचे ठसे जन्मभर बदलत नाहीत असे पुस्तकात आहे. मग आजींचा कसा बदलला?" प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर देता देता भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि थोडे नागरिकशास्त्रही लागते.

आपल्याकडे बोटांवर शंख आणि चक्रे मोजण्याची जुनी हौस आहे. दहाही बोटांवर चक्रे असली तर राजयोग वगैरे. त्यातले भविष्य सोडून द्या, पण निरीक्षण पक्के होते. त्वचेवरच्या उंचवट्याच्या रेषा एकतर वळण घेऊन आल्या बाजूला परत जातात, किंवा गोल फिरतात, किंवा कमानीसारख्या पसरतात. माणसांच्या बोटांवर वळणे सर्वांत जास्त, त्याखालोखाल चक्रे, आणि कमानी फार थोड्या, शंभरात पाचेक. या रेषा आईच्या पोटात साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात तयार होतात. त्यांचा ढोबळ आकार आनुवंशिक असतो, पण एखादी रेषा नेमकी कुठे संपेल, कुठे तिला फाटा फुटेल, हे त्या आठवड्यांतल्या बारीकसारीक परिस्थितीवर ठरते. म्हणून एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात.

रेषांचा हा आराखडा बाह्यत्वचेच्या तळाशी कोरलेला असतो. वरचा थर झिजतो, त्याच्या जागी खालून नवा येतो. साधारण महिनाभरात बाह्यत्वचा नवी होते आणि त्याच नक्षीने उमटते. म्हणजे पुस्तक खोटे नाही. तळाचा आराखडा बदलत नाही. पण यंत्र तळ पाहत नाही, त्याला फक्त वरचा थर दिसतो.

तो कसा दिसतो, हे वर्गात दाखवता येते. साध्या काचेच्या ग्लासात पाणी भरा. ग्लास कोरड्या हाताने धरा आणि वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, ग्लासच्या आतल्या भिंतीकडे पाहा. भिंत चांदीसारखी चमकताना दिसेल आणि पलीकडची बोटे जवळजवळ दिसणारच नाहीत. आता बोटे किंचित ओली करून ग्लास घट्ट धरा. चंदेरी भिंतीवर बोटांच्या रेषा एकेक करून स्पष्ट उमटतील. मुलांना हा प्रयोग जादूसारखा वाटतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही दहा मिनिटे ग्लास खाली ठेवला नव्हता.

कारण दहावीच्या पुस्तकात आहे: पूर्ण आंतरिक परावर्तन. पाण्यातून आलेला प्रकाश काचेतून पलीकडच्या हवेत जाऊ पाहतो. तो भिंतीवर क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनात पडला तर बाहेर जाऊ शकत नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो. म्हणून भिंत आरशासारखी दिसते. जिथे ओल्या त्वचेचा उंचवटा काचेला चिकटतो तिथे पलीकडे हवा उरत नाही. प्रकाश त्वचेत शिरतो आणि ती जागा वेगळी दिसते. दोन उंचवट्यांमधल्या खाचेत हवा असते, तिथे आरसा कायम राहतो. रेशन दुकानात, बँकेत, सिम कार्डाच्या दुकानात दिसणारी बरीचशी यंत्रे याच तत्त्वावर चालतात. आत एक लहान प्रिझम, एका बाजूने प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरा असतो. एका इंचात ५०० बिंदू टिपले तर दोन बिंदूंमधले अंतर ०.०५ मिलिमीटर होते. शेजारच्या दोन रेषा साधारण अर्ध्या मिलिमीटरवर असतात, म्हणजे एका रेषेच्या वाट्याला दहाएक बिंदू येतात. निरोगी त्वचेसाठी हे भरपूर झाले.

आता या काचेवर वेचणीच्या दिवसांतला हात ठेवून पाहा. पऱ्हाटीचे बोंड फुटले की त्याच्या पाकळ्या वाळतात आणि त्यांची टोके सुईसारखी होतात. कापूस वेचणारी बाई अंगठा, तर्जनी आणि मधले बोट त्या टोकांमध्ये घालून कापूस ओढते. हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पुढे दोन-तीन महिने चालते. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबवायचा नाही. नेमकी हीच तीन बोटे माणूस यंत्रावरही आधी ठेवतो. त्वचेला ओरखडे पडतात, उंचवटे घासले जातात आणि थंडीने ती कोरडी पडते. कोरडा उंचवटा काचेला सलग चिकटत नाही, रेषेच्या जागी तुटक ठिपके उमटतात. आजी अंगठा ओठांनी ओला करत होत्या ते शास्त्राला धरूनच होते! वयाबरोबर त्वचेची लवचीकताही कमी होते आणि उंचवटे बसके होतात. भांडी, चुना, सिमेंट, विटा यांनीही हेच होते. वेचणी संपून काही आठवडे हाताला आराम मिळाला तर तोच ठसा पुन्हा चांगला उमटू शकतो. संक्रांतीला नापास झालेला अंगठा पोळ्याला पास होऊ शकतो, पण धान्य दर महिन्याला लागते.

इथपर्यंत ठसा उमटण्याची गोष्ट झाली. 'जुळणे' ही गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल सुशिक्षितांचाही गैरसमज असतो. किल्ली कुलपाला लागते किंवा लागत नाही, तसे ठशाचे आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात यंत्र ठशातल्या खुणेच्या जागा शोधते: इथे रेषा संपली, इथे फाटा फुटला, त्यांची दिशा अशी. नोंदणीच्या वेळी साठवलेल्या जागांशी ती ताडून पाहते आणि एक गुण देते. अमुक गुणांच्या वर 'जुळले', खाली 'जुळत नाही'. ही रेघ कुठे ओढायची, हे माणसे ठरवतात.

हेही वर्गात करता येईल. मऊ पेन्सिलीने कागदावर गडद पट्टा काढा, त्यावर बोट घासा, बोटावर पारदर्शक चिकटपट्टी दाबा आणि ती पांढऱ्या कागदावर चिकटवा. प्रत्येकाने एकाच बोटाचे दोन ठसे, थोडा वेळ मध्ये जाऊ देऊन, घ्यावेत. भिंगातून पाहून पहिल्या ठशात बारा खुणा नोंदवाव्यात आणि त्यातल्या दुसऱ्या ठशात किती सापडतात ते मोजावे. क्वचितच कोणाला बाराच्या बारा सापडतील. कोणाला दहा, कोणाला सात. बोट तेच असते, पण दाब, कोन आणि घाम वेगळा असतो. मग वर्गाला विचारा, किती खुणा जुळल्या तर 'तोच' म्हणायचे? दहा म्हटले तर वर्गातली बरीच मुले स्वतःलाच परकी ठरतील. चार म्हटले तर दुसऱ्याचाही ठसा कधीतरी खपून जाईल. एक चूक कमी करायला गेले की दुसरी वाढते. यंत्र सुधारले तर दोन्ही कमी होतात, पण शून्य होत नाहीत.

एक विनंती. या कागदांवर मुलांची नावे घालू नका, आकडे घाला, आणि तास संपल्यावर मुलांच्याच हातून कागद फाडून टाका. कारण पुढे येईल.

ही चूक किती मोठी? केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात ओळख न पटण्याचे प्रमाण झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के आणि गुजरातेत ६ टक्के असल्याचा उल्लेख होता. त्यात जाळे न मिळण्यासारखी इतर कारणेही मिसळलेली असणार. तरी ६ टक्के हा चांगला आकडाच घ्या. पाचशे शिधापत्रिकांच्या गावात महिन्याला तीस जण होतात. आणि हे तीस जण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. टेबलावर काम करणाऱ्या माझ्यासारख्याचा अंगठा जवळजवळ नेहमी जुळतो. तीसांत असतात वेचणीवाल्या, वीटभट्टीवाले आणि म्हातारी माणसे, म्हणजे ज्यांना त्या धान्याची गरज अधिक आहे ते. सरासरीचा आकडा हे लपवतो. गणिताच्या शिक्षकांनी सरासरी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

आता चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आली आहे. तिथेही गुण आहेत आणि तिथेही रेघ आहे.

नियम काय सांगतो? ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवले होते की ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाचे धान्य अडवू नये, दुसऱ्या ओळखपत्रावर ते द्यावे आणि तशी नोंद ठेवावी. 'उद्या या' हे या नियमात बसत नाही. हे गावात कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे, आणि बहुतेक गावांत ते ठाऊक होण्याची शक्यता शाळेतच जास्त असते.

आता कागद फाडायला का सांगितले ते. पासवर्ड चोरीला गेला तर तो बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. आयुष्यभरात दहाच पासवर्ड आणि तेही काचेच्या प्रत्येक ग्लासावर उमटवत फिरायचे, असा हा प्रकार आहे. खरेदीखतावर उमटवलेल्या अंगठ्यांवरून रबराचे ठसे बनवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीला आले आहेत. खात्याचा आधार क्रमांक आणि ठसा मिळाला की पासबुक लागत नाही, ही सोय होती. तीच चोराचीही सोय झाली. म्हणूनच २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नकली हे तपासणारी नवी पद्धत आणली. आपले ठसे आपण स्वतः 'कुलूपबंद' करून ठेवण्याचीही सोय आहे आणि गरजेपुरते ते उघडता येतात. शिक्षकांपैकी किती जणांनी ते केले आहे, हा प्रश्न मी दोन प्रशिक्षण शिबिरांत विचारला. दोन्हीकडे मिळून तीन हात वर झाले.

शाळेचा याच्याशी थेट संबंध आहे. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. ते पाचव्या वर्षी नोंदवायचे असतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यायचे असतात. २०२२-२३ च्या संचमान्यतेसाठी विद्यार्थ्यांचे वैध आधार धरले गेले, तेव्हा शिक्षकांची जी धावपळ झाली ती वाचकांना सांगायला नको. एका अक्षराच्या चुकीने मूल पटावर असून नसल्यासारखे होत होते. त्या गडबडीत मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल अशा याद्या व्हॉट्सॲपवरून फिरल्या. शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता, वेळ नव्हता. पण अशी यादी एकदा चाळीस मोबाइलमध्ये गेली की ती परत बोलावता येत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधारची योजना चार विरुद्ध एक मतांनी टिकली, पण शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, मुलांच्या नोंदणीला पालकांची संमती हवी आणि सज्ञान झाल्यावर त्यांना बाहेर पडण्याचा पर्याय हवा, असेही त्यात म्हटले आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, शाळांना काही सवलतीही आहेत. माझे मत विचाराल तर कायद्याची वाट न पाहता शाळेने दोन गोष्टी आजच कराव्यात. जिथे शेवटचे चार आकडे पुरतात तिथे बाराही लिहू नयेत, आणि काम झालेली यादी मोबाइलमधून पुसावी. यंत्राला विरोध करा असे मी म्हणत नाही. आधारमुळे बनावट शिधापत्रिका पकडणे सोपे झाले, आणि गावाबाहेर कामाला गेलेल्याला दुसऱ्या राज्यातही आपले धान्य घेता येते.

आजींना चौथ्या दिवशी धान्य मिळाले. अंगठा तेव्हाही जुळला नाही. शिधापत्रिकेशी जोडलेला मोबाइल नातवाकडे होता आणि नातू पुण्याला एका कारखान्यात कामाला. दुकानदाराने बटण दाबले, नातवाच्या मोबाइलवर आकडा आला, त्याने तो दुकानदाराला फोनवर वाचून दाखवला. असा आकडा कोणालाही सांगू नका, अशी सूचना त्याच संदेशाखाली असते.