सशाची शिदोरी

ससेपालन करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मादी गाभण आहे, तिला जीवनसत्त्वांचं कोणतं टॉनिक द्यावं? जालन्याच्या उन्हाळ्यात हिरवा चारा आटला की हा प्रश्न आणखी तातडीचा होतो.

सशाच्या अंधनाल या आतड्याच्या पिशवीतले जिवाणू चारा आंबवताना ब-गटातली जीवनसत्त्वं आणि के जीवनसत्त्व तयार करतात. पण अंधनाल लहान आतड्याच्या पुढे असल्यामुळे तिथला बराचसा ऐवज अंगी लागण्याआधीच बाहेर पडतो. म्हणून ससा नेहमीच्या कोरड्या लेंड्यांखेरीज मऊ, चिकट आवरणाच्या लेंड्या टाकतो आणि त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. पिंजऱ्याला जाळीचा तळ असला तरी त्याचं काही अडत नाही. म्हणून ब आणि के जीवनसत्त्वांसाठी सहसा टॉनिक लागत नाही.

फ्रान्सचे पशुवैद्य मोरो यांनी हे १८८२ मध्येच लिहून ठेवलं होतं. बहुतेकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये मॅडसेन आणि टेलर यांची टिपणं आली, तेव्हा कुठे हा विषय चर्चेत आला. प्राण्याकडे धीराने पाहत बसणाऱ्या मोरोंचं नाव ससेपालनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

क जीवनसत्त्वासाठीही टॉनिक नको. जालन्याची मोसंबी आपल्याला हवी, कारण ते आपल्या शरीरात बनत नाही. सशाचं यकृत मात्र ते स्वतः बनवतं.

खरी काळजी आहे अ जीवनसत्त्वाची. ते कमी पडलं तर गर्भ जिरतो, गर्भपात होतो, पिलांच्या डोक्यात पाणी साठतं. अतिरेक झाला तरी जवळजवळ हेच घडतं! त्यामुळे लक्षणं पाहून डोस वाढवणारा पालक संकट आणखी वाढवू शकतो. खाद्यात किलोमागे साधारण १०,००० आंतरराष्ट्रीय एकके (IU) पुरतात. १६,००० च्या पुढे जाऊ नये. विकतच्या खुराकात ते बहुधा मिसळलेलंच असतं, म्हणून वरून बाटली ओतण्याआधी पोत्यावरची चिठ्ठी वाचा.

लसूणघासात ही भीती जवळपास नाही. त्यातल्या कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. मात्र उन्हात वाळवलेल्या घासातलं कॅरोटीन झपाट्याने नष्ट होतं, तेव्हा तो सावलीत वाळवावा. खुराकाची पोतीही मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली महिनोन्‌महिने ठेवू नयेत. उष्णता आणि हवा लागली की त्यातलं अ आणि ई दोन्ही कमी होत जातं.