एअरपोर्टवर तुमचीच बॅग का थांबवतात? जाणून घ्या सिक्युरिटी चेकमागचं तंत्रज्ञान

बॅग बेल्टवर टाकली, तुम्ही पलीकडे जाऊन उभे राहिलात आणि आवाज आला, "ही बॅग कोणाची?" सगळे वळून बघतात, पोटात गोळा येतो. पण मित्रांनो, बहुतेक वेळा संशय तुमच्यावर नसतो. स्क्रीनवर जे नीट दिसलं नाही, त्यावर असतो. कसं ते पाहूया.

स्क्रीनवर काय दिसतं?

एक्स-रे मशीन दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या किरणांनी बॅग तपासतं आणि वस्तू कशाची असेल त्यानुसार तिला रंग देतं. कपडे, कागद, खाऊ नारिंगी दिसतात, लोखंड-स्टीलसारखे धातू निळे, तर मधल्या घनतेच्या वस्तू हिरव्या. गंमत म्हणजे बहुतेक स्फोटकंही नारिंगीच दिसतात! त्यामुळे आईने घट्ट भरून दिलेला लाडवांचा डबा उघडून बघितला, तर त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये का? कारण त्याची बॅटरी आणि आतले भाग एक्स-रे अडवतात आणि खालची वस्तू झाकली जाते.

स्क्रीनसमोरचा माणूस

एका बॅगेसाठी मिळतात जेमतेम काही सेकंद. त्यात लक्ष ढळू नये म्हणून सॉफ्टवेअर अधूनमधून पिस्तूल किंवा बॉम्बची खोटी इमेज बॅगेच्या चित्रात टाकतं आणि कर्मचारी ती पकडतो का ते नोंदवतं. या प्रकाराला 'थ्रेट इमेज प्रोजेक्शन' म्हणतात. युरोपच्या नियमांत तर साधारण 20 मिनिटांनंतर स्क्रीनवरून ब्रेक द्यावा लागतो, इतकं हे काम डोकं थकवणारं आहे. आपल्याकडे बहुतेक मोठ्या एअरपोर्टवर तपासणीची जबाबदारी सीआयएसएफकडे असते.

मशीन आहे, मग माणसाला त्रास कशाला?

आदर दोन्ही बाजूंनी हवा. 2021 मध्ये नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला. एअरपोर्टवर त्यांना दरवेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, अशी त्यांची तक्रार होती. त्याऐवजी ईटीडी वापरा, असं त्यांचं म्हणणं होतं. ईटीडी म्हणजे स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधणारं यंत्र. एक छोटी पट्टी वस्तूवर फिरवून मशीनमध्ये घालायची, काही सेकंदांत निकाल! सीआयएसएफने नंतर माफी मागितली आणि कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगता येतो, हेही स्पष्ट केलं.

म्हणजे तंत्रज्ञान होतं, नियमही होता. कमी पडलं ते वागणं.

तुम्ही काय कराल?

- पॉवर बँक हँडबॅगेतच ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. एअरलाइनच्या परवानगीशिवाय मर्यादा 100 वॉट-अवर. हिशोब सोपा आहे: एमएएच गुणिले 3.7, भागिले 1000. म्हणजे 20,000 एमएएच = 74 वॉट-अवर, चालेल.
- चार्जर, केबल्स एका पाऊचमध्ये ठेवा. गुंता असला की बॅग थांबलीच समजा.
- तिथे रील बनवू नका, फोटो-व्हिडिओला मनाई असते. आणि "बॉम्ब आहे" असा विनोद तर चुकूनही नको, थेट पोलीस केस होऊ शकते.
- इम्प्लांट किंवा कृत्रिम अवयव असेल तर आधीच सांगा.

तुम्ही काय मागू शकता?

बॅग तुमच्यासमोर उघडावी, का थांबवली ते सांगावं, महिलांची तपासणी महिला कर्मचाऱ्याने आडोशाला करावी. "मॅडम, हे का ते सांगाल का?" असं शांतपणे विचारणं म्हणजे हुज्जत घालणं नाही.

पुढच्या वेळी "ही बॅग कोणाची?" ऐकलंत, तर हात वर करा आणि म्हणा, "माझी आहे सर, बघा." त्यांचं काम लवकर होईल आणि तुमची फ्लाइटही चुकणार नाही.