मनीची नखे काढायची, पण किती?

'नखे काढणे' हा मराठीतला अगदी घरगुती शब्दप्रयोग. रविवारी सकाळी जुने वर्तमानपत्र पसरून गॅलरीत बसून नखे काढली जातात, तेव्हा त्यात नखाचे टोक जाते, नख जात नाही, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र हाच शब्दप्रयोग घेऊन एखादे कुटुंब आपल्या मांजरासह पशुवैद्यकाच्या दारात उभे राहिले, की त्याला दोन अर्थ फुटतात. 'डॉक्टर, हिची नखे काढून द्या' असे म्हणणाऱ्या एकाला फक्त टोके छाटून हवी असतात. दुसरा फाटलेल्या सोफ्याला आणि ओरखडलेल्या हातांना इतका वैतागलेला असतो, की त्याला ती नखे कायमचीच नको असतात. पहिले काम घरच्या घरी, दहा मिनिटांत होणारे आहे. दुसरी आहे शस्त्रक्रिया, आणि तीही मांजराच्या बोटांचा भाग कापून टाकणारी. पहिले काम वेळच्या वेळी होत राहिले, तर दुसऱ्याचा विचारही मनात येण्याचे कारण उरत नाही.

गावाकडच्या घरात मांजराची नखे हा कधी प्रश्नच नव्हता. पडवीतले लाकडी खांब, अंगणातले आंब्याचे खोड, गोठ्यातले वासे यांवर त्याची नखे आपसूक झिजत. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत, गुळगुळीत फरशीवर आणि जाळी लावलेल्या खिडक्यांआड आयुष्य काढणाऱ्या मांजराला ही सोय नसते. चालून चालून नखे झिजतील, ही अपेक्षाही व्यर्थ. कुत्र्याची नखे चालताना जमिनीला घासतात. मांजराची नखे चालताना आत मिटलेली असतात.

या मिटण्या-उघडण्यातच सारी गंमत आहे. मांजराच्या प्रत्येक बोटाच्या शेवटच्या हाडावर नख उगवते आणि ते हाड बिजागरीसारखे मागे वळून बसते. एक लवचिक स्नायुबंध त्याला मागे धरून ठेवतो, त्यामुळे विश्रांतीच्या अवस्थेत नख म्यानात राहते. मांजराने बोटाचा स्नायू आखडला, की हाड पुढे फिरते आणि नख बाहेर येते. बंद मुठीत लपणारे वाघनख ज्या कल्पनेवर बेतलेले आहे, ती कल्पना मुळात या कुळाचीच. सर्वसाधारण मांजराला अशी एकंदर १८ नखे असतात. पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येक पंजाला चार. पुढच्या पंजातील पाचवे नख अंगठ्याचे. ते थोडे वर, आतल्या बाजूला असते आणि जमिनीला कधीच टेकत नाही. नेमके हेच नख नजरेतून सुटते आणि पुढे सर्वाधिक त्रासही हेच देते.

नखाची रचना कांद्यासारखी, थरांवर थर अशी असते. मांजर खरडते तेव्हा बाहेरचा जुना, बोथट झालेला थर सुटून पडतो आणि आतले धारदार नख उघडे होते. सापाने कात टाकावी तसेच हे. सोफ्याजवळ पडलेले नखाच्या आकाराचे पोकळ टरफल पाहून मांजराचे नख उपटून आले, अशी समजूत करून घेत धावपळ करणारे काही कमी नाहीत. तसे काही झालेले नसते.

जिव्हाळी ओळखणे

नख कापताना जपायचे ते जिव्हाळीला. माणसाच्या नखाखाली जशी जिव्हाळी असते, तशीच मांजराच्या नखाच्या गाभ्यातही असते. तिच्यात रक्तवाहिनीही असते आणि मज्जातंतूही. त्यामुळे तिला पाते लागले तर रक्त येतेच, शिवाय वेदना अशी होते, की ते मांजर पुढचे कित्येक महिने पंजाला हात लावू देत नाही. सुदैवाने बहुतेक मांजरांची नखे पांढुरकी, अर्धपारदर्शक असतात आणि उजेडात धरल्यास मुळाकडून पुढे आलेला गुलाबी त्रिकोण स्पष्ट दिसतो. त्या गुलाबी भागाच्या पुढे साधारण दोन मिलिमीटर अंतर राखून, केवळ बाकदार अणकुचीदार टोक उडवायचे. कापलेला तुकडा हातात घेतल्यावर 'एवढाच?' असे वाटले, तर काम बरोबर झाले असे समजावे. नखे गडद रंगाची असतील आणि जिव्हाळी दिसत नसेल, तर मागून लहान विजेरी धरून पाहता येते. तरीही अंदाज येत नसेल, तर आकड्यासारखे वळलेले अगदी टोकच काय ते कापावे.

दिवेलागणीनंतर नखे काढू नयेत, हा आजीच्या काळातला दंडक. त्यामागची कारणे काहीही असोत, मांजराच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. हे काम खिडकीशेजारी, भर उजेडातच करावे.

साधने फार लागत नाहीत. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारी, पात्यांना अर्धगोल खाच असलेली छोटी कात्री सर्वांत सोयीची. पिलांच्या नाजूक नखांना माणसांचा नेलकटरही चालतो, फक्त तो मांजरासाठी वेगळा ठेवावा. पाती नखाच्या वर आणि खाली येतील, अशा बेताने धरावीत. डाव्या-उजव्या बाजूंनी आवळल्यास नख दबते आणि उभे चिरते. पात्याला धार हवीच. बोथट पाते नख कापत नाही, चुरडते.

पंजा हाती येण्यापूर्वी

बहुतेक घरांत बिनसते ते इथे. कात्री विकत आणली, त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून मांजर दाबून धरले, तिसऱ्याने अठराही नखे एका दमात उरकायचा प्रयत्न केला आणि निष्पन्न काय, तर तिघांच्या हातांवर ओरखडे आणि कपाटावर जाऊन बसलेले मांजर. मांजराला पंजा धरलेला मुळातच आवडत नाही. पळणे, चढणे आणि स्वतःचा बचाव करणे हे सारे त्या पंजावर अवलंबून असते. तो कुणाच्या मुठीत अडकला, की जनावर घाबरते. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस कात्री बाहेर काढूच नये. मांजर जेवून सुस्तावले असताना मांडीवर किंवा शेजारी घ्यावे, पंजा हलकेच हातात धरून सोडून द्यावा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा एखादा कण पुढे करावा. हे अंगवळणी पडले, की बोट वरून आणि खालच्या गादीकडून अंगठा-तर्जनीने अलगद दाबावे. हाड पुढे फिरून नख आपोआप बाहेर येते. त्यासाठी जोर लागत नाही. लागत असेल तर पकड चुकते आहे.

कात्रीच्या 'कट्' अशा आवाजालाही काही मांजरे दचकतात. त्यावर एक साधा तोडगा आहे. मांजर जवळ असताना कोरड्या स्पॅगेटीची काडी कात्रीने कापायची आणि त्या आवाजापाठोपाठ खाऊ द्यायचा. दोन-चार दिवसांत आवाजाचा आणि खाऊचा संबंध जुळतो. मग पहिल्या दिवशी एक नख, दुसऱ्या दिवशी दोन. आठवडाभरात अठराही झाली तरी चालते. एकाच बैठकीत सगळे उरकण्याची कुठलीही सक्ती नाही, हे ज्यांच्या ध्यानात येते, त्यांचे निम्मे काम हलके होते.

मांजराचे तोंड आपल्या विरुद्ध दिशेला राहील असे त्याला मांडीवर घ्यावे. चुळबुळ करणारे असेल तर टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून एकेक पंजा बाहेर काढावा. शेपटीचे फटकारे सुरू झाले, कान मागे चिकटले, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या, की तिथेच थांबावे. मोठ्या मांजराला मानगूट धरून लटकवणे किंवा खाली दाबणे पूर्णपणे टाळावे. मांजरी पिलांना तसे उचलते हे खरे, पण मोठ्या मांजराला त्याने शांतता नव्हे, भीती वाटते. आरडाओरडा करून तर काहीच साधत नाही.

घरातच राहणाऱ्या मांजराची पुढची नखे दोन-तीन आठवड्यांनी पाहावीत. मागच्या पायांची नखे बरीच मांजरे स्वतःच दातांनी सोलून काढतात, ती तितक्या वेळा कापावी लागत नाहीत. ज्या मांजराचे निम्मे आयुष्य बाहेर, भिंतीवर आणि झाडावर जाते, त्याची नखे मात्र कापू नयेत. कुत्रा मागे लागला तर त्याचा जीव वाचवणारी तीच असतात.

रक्त आले तर

जपूनही कधी जिव्हाळीला पाते लागते. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही. स्वच्छ कापसाने किंवा कापडाने नखाचे टोक दोन-तीन मिनिटे दाबून धरावे. रक्त थांबवणारी पूड औषधांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. ती नसेल तर स्वयंपाकघरातले कॉर्नफ्लॉवर बोटावर घेऊन टोकाला दाबले तरी काम भागते. दाढीनंतर लावण्याच्या तुरटीनेही रक्त थांबते, पण ती झोंबते. त्या दिवशी उरलेली नखे तशीच सोडावीत. रक्त थांबतच नसेल किंवा नख मुळापासून तुटले असेल, तर पशुवैद्यकाकडे न्यावे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळायला हव्यात. दुखत असेल म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. ताप आल्यावर घरोघरी घेतली जाणारी पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवता येत नाही आणि एखाद्या गोळीनेही ते दगावू शकते. जखम धुण्यासाठी फिनेल किंवा डेटॉलसारखी फिनॉल गटातील जंतुनाशकेही वापरू नयेत. मांजर पंजा चाटते आणि ते द्रव्य पोटात जाते. साधे स्वच्छ पाणी पुरते.

ओरखडा माणसाला बसला, तर तो हसण्यावारी नेण्याचा भाबडेपणा करू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही भरू नये. मांजरालाही रेबीज होतो आणि लस न टोचलेल्या मांजराच्या ओरखड्यानंतर माणसाने लस घ्यावी की नाही, हा निर्णय घरी बसून घेण्याचा नव्हे. मांजराला तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमितपणे रेबीजची लस देणे, हा त्यावरचा खरा बंदोबस्त. याखेरीज 'बार्टोनेला हेन्सेले' नावाचा जीवाणू ओरखड्यातून माणसाच्या शरीरात शिरून काखेतील किंवा मानेतील गाठी सुजवतो. मांजरांमध्ये तो पिसवांमुळे पसरतो, तेव्हा नखांइतकेच पिसवांकडेही लक्ष हवे.

खरडणे थांबत नाही

नखे कापली म्हणजे मांजर सोफा खरडायचे थांबेल, हा गैरसमज आहे. नुकसान कमी होते, सवय राहते. खरडताना मांजर नखांचा जुना थर टाकते, पाठ ताणून घेते आणि पंजातील ग्रंथींचा गंध तिथे सोडून 'ही जागा माझी' असे जाहीर करते. ती त्याची गरज आहे. म्हणून त्याला हक्काची जागा द्यावी. काथ्याचा दोर घट्ट गुंडाळलेला लाकडी खांब सर्वांत उत्तम; मांजर मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणले जाईल इतका उंच आणि जराही न डुगडुगणारा. काहींना आडवे खरडणे आवडते, त्यांना काथ्याचे जाड पायपुसणे पुरते. हा खांब घराच्या कोपऱ्यात नव्हे, तर ज्या सोफ्यावर मांजराचा डोळा आहे त्याच्या शेजारीच ठेवायला हवा.

एवढे करूनही काही जणांना 'कायमचा इलाज' हवा असतो. इंग्रजीत त्याला 'डीक्लॉइंग' असे सुटसुटीत नाव आहे, पण त्यात केवळ नख जात नाही. नख हाडातूनच उगवत असल्यामुळे प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापून काढावे लागते. माणसाच्या दहाही बोटांची पेरे शेवटच्या सांध्यापासून छाटावीत, तसे. त्यानंतर काही मांजरे लंगडतात. काही वाळूत पंजा टेकवताना दुखते म्हणून शौचाची ठरलेली जागा सोडतात. नखे गेल्यामुळे काही चावू लागतात. म्हणजे ज्या त्रासातून सुटण्यासाठी हे केले, त्याहून मोठा त्रास घरात येतो. ब्रिटनमध्ये सोयीसाठी केलेली अशी शस्त्रक्रिया बेकायदा आहे. जिथे ती वर्षानुवर्षे सर्रास चालत आली, त्या अमेरिकेतही २०१९ मध्ये न्यूयॉर्क हे तिच्यावर बंदी घालणारे पहिले राज्य ठरले. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ प्राण्याचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणे हा गुन्हा मानते. हाडाच्या गाठीसारख्या आजारात एखादे बोट काढावे लागणे, ही निराळी गोष्ट.

म्हाताऱ्या मांजरांचा प्रश्न नेमका उलटा आहे. दहा-बारा वर्षांची मनी आता काही फाडत नाही, दिवसभर एका जागी निजून असते, म्हणून तिच्या नखांची आठवण कुणाला राहत नाही. सांधे दुखत असल्यामुळे तिचे खरडणे थांबलेले असते. जुने थर सुटत नाहीत, नख जाड आणि पिवळट होत जाते, गोल वळते आणि शेवटी तळव्याच्या मऊ गादीत रुतते. मग जखम, पू, लंगडणे. 'वयामुळे चालत नाही' असे घरचे म्हणत असतात आणि कारण पंजाच्या आत दडलेले असते. केसाळ मांजरात तर ते दिसतही नाही. असे रुतलेले नख घरी ओढून काढू नये; ते पशुवैद्यकाने कापायचे आणि जखमेवर उपचार करायचे. थायरॉइड ग्रंथीच्या विकारातही म्हाताऱ्या मांजराची नखे बेसुमार वाढतात, तेव्हा सोबत वजन घटत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. एरवी महिन्यातून एकदा केस बाजूला सारून, पुढच्या दोन्ही पंजांच्या अंगठ्यांपासून सुरुवात करून, अठराही नखे नुसती पाहिली तरी पुरे होते.