धनुष्य वाकतं तेव्हा

मळवली स्टेशनावर उतरून चालत निघालं की थोड्याच वेळात भाज्याची लेणी लागतात. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांहून जुन्या लाकडी फासळ्या आहेत. त्या कमानीसारख्या दिसतात, पण छताचा भार पेलत नाहीत. तो कातळच पेलतो. धनुष्याचं नेमकं उलट. त्याचा आकारच ताणातून येतो.

दोरी ओढली की धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबली जाते. एकाच काठीत दोन विरुद्ध गोष्टी! आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे हेराक्लायटस आठवतो. विरोधातूनच मेळ साधतो हे सांगायला त्याने अडीच हजार वर्षांपूर्वी धनुष्याचाच दाखला दिला होता.

हा विरोध प्रत्येक समाजाने आपापल्या मातीतून सोडवला. इंग्लंडमध्ये यू नावाच्या झाडाचं लाकूड वापरलं. त्याचा बाहेरचा पांढरा थर ताण सोसतो, आतला गाभा दाब. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजावर अशी शंभराहून अधिक धनुष्यं सापडली. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात लांब, सरळ लाकूड कमी. तिथे पोटाला शिंग, पाठीला जनावराचे स्नायुतंतू आणि मध्ये लाकूड, असं सरसाने चिकटवलं. धनुष्य आखूड झालं, घोड्यावरून चालवता आलं. आपल्याकडेही शिंगाचं धनुष्य होतंच. विष्णूच्या 'शार्ङ्ग'मध्ये 'शृंग' आहे.

आता सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकमठा बघा. कमठा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. आपण पटकन म्हणतो, हे साधं, म्हणून मागास. पण सरसाला ओल सोसत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा हवेत शिंगाच्या धनुष्याचे सांधे सुटायची भीती. बांबूला सांधाच नाही! शिवाय बांबूच्या सालीकडे तंतू दाट असतात, आत विरळ. दोन गुणांची जोडणी निसर्गानेच करून ठेवलेली. ती ओळखणं हे ज्ञान नाही तर काय?

म्हणून आम्हाला धनुष्यांचा इतिहास शिडीसारखा वाटत नाही, की खाली बांबू आणि वर शिंग. प्रश्न एकच होता, उत्तरं हवेप्रमाणे आणि झाडांप्रमाणे वेगळी. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीवर बंधनं आली, ते योग्यच झालं. पण कोणत्या महिन्यात, कोणता बांबू तोडायचा, हे जाणणारे हात आता म्हातारे झालेत. त्यांना 'मागास' म्हणण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारायला हवं.