रंग पाहावा की तळ?

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हापासून शिडाच्या नौकेतील सागरपर्यटन हा विषय आपल्याला परका राहिलेला नाही. जुनी नौका घेऊ इच्छिणाऱ्यापुढे बहुधा दोन प्रकार येतात: एक रुंद, हलकी, आत ऐसपैस, दुसरी अरुंद, जड, आत अडचणीची. किंमत सारखी असल्यास मन पहिलीकडे ओढ घेते. त्याने थोडे थांबावे, असे आम्ही सुचवू.

ऑगस्ट १९७९ मध्ये फास्टनेट शर्यतीतील ३०३ नौकांना आयर्लंडच्या दक्षिणेस वादळाने गाठले. १५ स्पर्धक प्राणास मुकले. २४ नौका सोडून द्याव्या लागल्या. सर्वांत लहान गटात शर्यत पुरी केली ती एकट्या 'असेंट'ने. ती 'कॉन्टेसा ३२' या अरुंद, जड घडणीची होती. उलटलेली रुंद, हलकी नौका तशीच पालथी राहू शकते, अरुंद व जड कण्याची लवकर सुलटते, हा धडा त्यातून मिळाला.

परंतु घडण उत्तम म्हणून वय लपत नाही. फायबरग्लासच्या तळाला फोड आले आहेत काय, कण्याचे बोल्ट गंजले आहेत काय, डेक ठोकल्यास आवाज बद येतो काय, डोलकाठीच्या तारा किती जुन्या आहेत, हे नौका पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. शिडे, तारा व इंजिन यांचा खर्च किमतीत मिळविल्यावरच स्वस्त कोणती ते कळते.

बंदरात दहाजणांना सुखाने बसविणारी नौका पाहुण्यांना आवडेल. वादळातून चौघांना परत आणणारी घरच्यांना हवी असते. निवड घरच्यांसाठी करावी.