खुडूक कोंबडीचा हिशेब

परसात कोंबड्या असल्या की हे हटकून घडते. चांगली अंडी देणारी कोंबडी एक दिवस अचानक थांबते, खुराड्याच्या कोपऱ्यात पिसे फुलवून बसून राहते, हात जवळ नेला की कुरकुरत चोच मारते आणि दिवसातून एखाद्याच वेळी, तेही घाईघाईने, दाणापाण्यासाठी बाहेर पडते. ती खुडूक बसलेली असते. तिचे बसणे मोडण्याचे उपाय गावोगाव चालत आले आहेत: पाण्यात बुचकळायचे, पायाला दोरी बांधून उघड्यावर ठेवायचे, नाकपुडीतून पीस ओवायचे. खुराड्यात चार कोंबड्या एकदम खुडूक बसल्या किंवा ऐन पावसात पिल्ले काढणे परवडणारे नसले, तर असे काही करावे लागते हे मान्य. पण व्यावसायिक कुक्कुटपालनाने या सवयीला सरसकट दोष ठरवले आणि तोच शिक्का परसातल्या कोंबडीवरही बसला. परसातल्या कोंबडीपालनाचा सगळा डोलारा या ‘दोषा’वरच उभा आहे, आणि तो घालवायच्या नादात आपण कोंबडी ठेवतो पण तिची वंशवेल तोडतो, असे माझे मत आहे.

आधी आकडेमोड पाहू. व्हाइट लेगहॉर्नच्या वंशातली पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि गावठी कोंबडी पन्नास-साठ. ही तुलना इतक्यांदा केली जाते की गावठी कोंबडी म्हणजे आळशी जात, अशीच समजूत झाली आहे. पण तिचे वर्ष कशात जाते? साधारण वीस दिवसांत ती बारा-पंधरा अंडी घालते, मग 21 दिवस ती उबवते, आणि पुढचे सहा-आठ आठवडे पिल्ले घेऊन हिंडते. हे एक चक्र झाले सुमारे शंभर दिवसांचे. वर्षात अशी साडेतीन चक्रे बसतात, म्हणजे अंडी पन्नासच्या आसपास. ती कमी अंडी देते, कारण अंडी घालायला तिला वर्षातले सत्तरच दिवस मिळतात. उरलेल्या काळात ती उबवणी केंद्राचे, तापवणीच्या दिव्याचे आणि राखणदाराचे काम करते. लेगहॉर्नच्या वाट्याचे हे काम कुठेतरी वीज, डिझेल आणि मजुरी खर्चून दुसरेच कोणी करत असते. तो खर्च एका पारड्यात घालायचा नाही आणि अंडी मात्र दोन्हीकडची मोजायची, हा हिशेब खरा नव्हे.

हे काम किती बारकाईचे आहे ते जवळून पाहण्यासारखे आहे. कोंबडी दिवसाला फार तर एक अंडे घालते, मधे खाडेही पडतात, पण ती लगेच बसत नाही. घातलेल्या अंड्यातली वाढ थंडाव्यात थबकलेली असते, त्यामुळे पहिले अंडे आणि बारावे अंडे यांत पंधरा दिवसांचे अंतर असूनही ती एकाच वेळी उबेला लागतात आणि जवळपास एकाच दिवशी फुटतात. बसायच्या वेळी तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते आणि पोटाखालची पिसे झडून त्वचा उघडी पडते, म्हणजे अंड्यांना ऊब थेट अंगाची मिळते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. अंडे फिरले नाही तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटून मरतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत आतून पिल्लाचा आवाज येऊ लागतो आणि कोंबडी त्याला हलक्या सुरात उत्तर देते. चोचीच्या टोकावरच्या टणक दाण्याने पिल्लू कवचाला भोक पाडते. बाहेर येण्यापूर्वीच उरलेला पिवळा बलक त्याने पोटात ओढून घेतलेला असतो, म्हणून दोन दिवस त्याला दाण्याची गरज नसते आणि उशिरा फुटणाऱ्या भावंडांसाठी आई बसून राहू शकते. (एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून शेकडो किलोमीटर पाठवण्याचा धंदा याच सोयीवर चालतो.) पुढे ती उकिरडा उकरून किडा दाखवते, विशिष्ट आवाजाने पिल्लांना बोलावते. आकाशातल्या घारीसाठी एक इशारा आणि जमिनीवरून येणाऱ्या मांजर-मुंगसासाठी दुसरा, असा फरक कोंबड्या करतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: आज पन्नास अंड्यांचे छोटे इन्क्युबेटर सहज मिळतात, मग कोंबडीला कशाला अडकवायचे? यंत्र अंडी उबवते हे खरे. पण साडेसदतीस अंश तापमान 21 दिवस अखंड हवे, आणि आपल्याकडच्या खेड्यात वीज किती अखंड असते हे वाचकाला सांगायला नको. त्याहून मोठी अडचण बाविसाव्या दिवशी येते. यंत्रातून निघालेल्या पिल्लांना पुढे महिनाभर दिवा, विकतचे खाद्य आणि पहारा लागतो, आणि काय खावे, कोणाला भ्यावे हे शिकवणारे कोणी नसते. पिंजऱ्यात वाढणाऱ्या पिल्लाचे त्यावाचून अडत नाही, पण परसात मोकळ्या फिरणाऱ्याचे अडते. कृत्रिम उबवणीही आजची नाही. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवण्याची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि त्याच देशातली फायूमी ही जात सहसा खुडूक बसत नाही. हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. जे काम माणूस पिढ्यान्‌पिढ्या कोंबडीकडून काढून घेतो, ते ती विसरते.

हीच गोष्ट आपल्याकडे सरकारी योजनांतून घडते आहे. बंगळूरुची गिरिराज, हैदराबादची वनराज आणि ग्रामप्रिया या सुधारित कोंबड्या परसासाठी म्हणूनच तयार केल्या गेल्या. त्या रंगीत असतात, काटक असतात, वजनाने लवकर भरतात आणि गावठीच्या दुप्पट अंडी देतात. ज्या घराला पोरांच्या ताटात अंडे हवे आहे, त्या घरासाठी ही मदत खरी आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. दोन वर्षांनी त्या थकल्या की पुढची पिल्ले पुन्हा केंद्रातून आणावी लागतात, आणि योजना संपली की खुराडे रिकामे. शिवाय त्यांचे दांडगे कोंबडे गावात फिरतात, गावठी कोंबड्यांवर चढतात, आणि पुढच्या पिढीतल्या तलंगांची बसण्याची सवय पातळ होत जाते. महाराष्ट्र-गुजरात सीमेवर, नंदुरबारच्या पट्ट्यात, बुसरा नावाची लहानखुरी देशी जात आहे. राष्ट्रीय नोंदणीत तिचे नाव आहे. अशा जातीचे मोल अंड्यांच्या आकड्यात शोधले तर सापडणार नाही.

म्हणून निवड कशी करायची हा पैदाशीतला कळीचा प्रश्न आहे. साधारण रीत अशी दिसते की सणाला, पाहुण्याला किंवा बाजाराला सगळ्यात भरलेला, देखणा कोंबडा जातो आणि मागे राहतो तो कोणी न घेतलेला. ही उलटी निवड झाली. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, तेव्हा तो एक तरी उत्तम ठेवावा, आणि उत्तम कोणता हे त्याच्या तुऱ्यावरून ठरवण्याऐवजी त्याच्या आईवरून ठरवावे: तिने मागच्या दोन खेपांत किती अंडी फोडली आणि त्यांतली किती पिल्ले मोठी केली? तोच कोंबडा वर्षानुवर्षे राहिला तर बाप-लेकींत पैदास होऊन अंडी वांझ जाऊ लागतात, पिल्ले दुबळी निघतात. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी लांबच्या वस्तीशी कोंबड्याची अदलाबदल करावी. मात्र एकदा संग झाल्यावर कोंबडीच्या शरीरात बीज दहा-पंधरा दिवस जिवंत राहते. नवा कोंबडा आणल्यानंतर पहिले तीन आठवडे घातलेली अंडी खायला काढावीत, उबवायला नव्हे, नाहीतर पिल्ले कोणाची हे कळणार नाही. उबवायची अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली घ्यावीत. गावठी कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. सातव्या रात्री अंधारात बॅटरीसमोर अंडे धरले की आत लाल शिरांचे जाळे दिसते. न दिसले तर ते अंडे काढून टाकावे.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त वजनदार आहे: नैसर्गिक पद्धतीत निम्मी पिल्ले मरतातच, मग या मातृत्वाचे कौतुक कशाला? पिल्ले मरतात, हे खरे आहे. पण ती बहुतेक पहिल्या सहा-आठ आठवड्यांत मरतात, आणि कारणे ठरलेली असतात: घार, कावळा, मुंगूस, पावसाचा गारठा आणि मानमोडी. यांतल्या पहिल्या चारांना बांबूचे डालगे पुरते. पहिला महिनाभर पिल्ले आईसह डालग्याखाली ठेवून कण्या, भिजवलेला कोंडा, थोडी वाळवी दिली की गळती झपाट्याने उतरते. महिन्यानंतर पिल्ले आईपासून वेगळी केली तर ती लवकर अंड्यावरही येते, म्हणजे वर्षातले एक चक्र वाढते. मानमोडीवर, म्हणजे राणीखेतवर, मात्र ना कोंबडीकडे उपाय आहे ना लसूण-हळदीकडे. नैसर्गिक पद्धतीचे काही चाहते लशीलाही नाक मुरडतात. त्यांना एवढेच सांगावे की उन्हाळ्यात हा रोग आला की आठवड्यात अख्खी वस्ती कोंबड्यांविना होते. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा एक थेंब आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बीची सुई, एवढा हस्तक्षेप आवश्यकच आहे. निसर्गावर सोपवणे आणि वाऱ्यावर सोडणे यांत गल्लत करून चालणार नाही.

बर्ड फ्लूचा मुद्दाही टाळता येत नाही. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला झाला आणि मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या आदिवासी पाड्यांतल्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. मोकळी कोंबडी रानपक्ष्यांच्या संपर्कात येते, हा धोका खरा आहे. पण हजारो एकसारखे पक्षी एका छपराखाली दाटून ठेवले की विषाणूला पसरायला आणि बदलायला जी संधी मिळते, ती पाच-दहा विखुरलेल्या कोंबड्यांत मिळत नाही. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेकता पुरणे आणि एकाएकी दोन-तीन दगावल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे, ही जबाबदारी मात्र परसवाल्यांनी घ्यायलाच हवी.

राहिला प्रश्न आकाराचा. परसातल्या कोंबड्यांवर मुंबई-पुण्याची अंडी भागणार नाहीत, हे उघड आहे आणि कोणी तसा दावाही करू नये. पण ही पद्धत मोडीत निघाली आहे असे म्हणणाऱ्यांनी 2019 ची पशुगणना पाहावी. देशातल्या 85 कोटी 18 लाख कोंबड्या-बदकांपैकी 31 कोटी 70 लाख परसातल्या होत्या, आणि 2012 च्या तुलनेत त्यांची वाढ सुमारे 46 टक्के होती. व्यावसायिक पक्ष्यांची वाढ साडेचार टक्के. अंड्यांच्या उद्योगात निम्मी पिल्ले, म्हणजे सगळे नर, पहिल्याच दिवशी मारली जातात, कारण त्यांचा कोणाला उपयोग नसतो. परसात तोच नर वाढून जत्रेला, पाहुणचाराला, बाजाराला जातो आणि कोंबडीपेक्षा चढा भाव आणतो. हा पैसा बहुतेक ठिकाणी घरच्या बाईच्या हातात राहतो.

पशुसंवर्धन खात्याने पिल्ले वाटताना प्रत्येक गटात दोन-चार बसणाऱ्या गावठी कोंबड्या द्याव्यात, निदान गावच्या गावठी कोंबड्या टिकतील एवढे पाहावे. आणि ज्यांना चार-पाच कोंबड्यांनी सुरुवात करायची आहे, त्यांनी बाजारात जाण्यापेक्षा ओळखीच्या घरातून कोंबडी घ्यावी आणि ती किती अंडी देते याआधी मागच्या खेपेला तिने किती पिल्ले वाढवली ते विचारावे. लशीसाठी शेजारच्या आठ-दहा घरांना बरोबर घ्यावे. शंभर मात्रांची कुपी एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते, आणि एका घरात शंभर कोंबड्या नसतात.