गुडघेदुखी : गोळी आणि ऑपरेशन यांच्यामधले
वर्धेकडच्या खेड्यांत गुडघा दुखू लागला की दोनच गोष्टी सुचतात : दुकानातली गोळी, नाहीतर ऑपरेशन. गोळी रोज घेतल्यास पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडे बिघडू शकतात. कापूस वेचणारी माझी आई तीच घेत आली. झिजलेली कूर्चा गोळीने भरून येत नाही. मात्र मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्याला आधार मिळतो. पाय लांब करून बसावे, गुडघा खाली दाबावा, पाच अंक मोजून सैल सोडावा. फुकटचा इलाज, म्हणूनच बहुधा कोणी मनावर घेत नाही! स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा गुण काही आठवडेच टिकतो. चालणेच खुंटले तर कृत्रिम सांधा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने त्याच्या नेहमीच्या प्रकाराची किंमत ५४,७२० रुपयांवर बांधली. पूर्वी ती दीड लाखावर जाई. ऑपरेशनाचा खर्च वेगळाच.